दोन पाकोळ्यांची दुरुस्ती

एविंदुर निवृत्त झाला आणि बाराव्या दिवशी त्याच्या घरातल्या चुका संपल्या.

जकात कचेरीत अडतीस वर्षं त्याने एकच काम इमानेइतबारे केलं होतं. लोकांनी भरून आणलेल्या कागदांत काय चुकलंय ते शोधायचं आणि लाल शाईने त्याभोवती गोल काढायचा. हा गोल काढताना त्याला जे समाधान मिळायचं ते त्याच्या बायकोला, अल्दाला, कधी समजलं नाही. पण बिचारीने संसार केला. निवृत्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यात त्याने स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या सुधारल्या, तळघरातले खिळे लांबीप्रमाणे लावले, आणि चर्चच्या मासिक पत्रकातल्या सात चुकांवर खुणा करून ते पाद्रीबाईंना नेऊन दिलं. पाद्रीबाई आभार मानतील अशी त्याची अपेक्षा होती. त्यांनी दार लावून घेतलं. बाराव्या दिवशी तो अल्दाच्या पाककृतींची वही घेऊन बसला, तेव्हा तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"तू बाहेर जा," ती म्हणाली.

"कुठे?"

"कुठेही जा. बेट एवढंसं आहे, हरवणार नाहीस."

म्हणून तो संग्रहालयात गेला. काखेत कचेरीतल्या लोकांनी निरोप समारंभात दिलेलं पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक होतं. पुस्तक महागाचं होतं, आणि ते एकदा तरी वापरल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. मग संग्रहालयातला एकेक पक्षी पुस्तकाशी ताडून बघत तो कोपऱ्यातल्या जुन्या काचपेटीपाशी आला, आणि थबकला.

ही पेटी बेटावरच्या प्रत्येकाने वर्षानुवर्षं पाहिलेली. आत पेंढा भरलेले दोन काळे पक्षी. डाव्या पक्ष्याखाली चिठ्ठी 'वादळपाकोळी', उजव्याखाली 'दर्यापाकोळी', आणि खाली पितळी पट्टी: 'पकडणारा व पेंढा भरणारा ग्रिमुर, १९५३'. दोन्ही पाखरं तशी सख्ख्या बहिणींसारखी. अंग काळं, ढुंगणावर पांढरा पट्टा, नाकावर नळी. जन्म समुद्रावर काढायचा, जमिनीवर यायचं ते फक्त बिळात एक अंडं घालायला, तेही अंधारात. फरक म्हणाल तर वादळपाकोळी चिमणीएवढी आणि शेपटी सरळ कापल्यासारखी. दर्यापाकोळी तिच्याहून चांगली मोठी आणि शेपटी दुभंगलेली. पुस्तकात हे स्वच्छ लिहिलं होतं, चित्रासकट.

आणि पेटीतली वादळपाकोळी दर्यापाकोळीपेक्षा मोठी होती.

एक्कावन्न वर्षं! मंत्री येऊन गेले, शाळेच्या सहली येऊन गेल्या, खुद्द तो शेकडो वेळा येऊन गेला, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही की चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीय. त्याने खिशात लाल पेन चाचपलं. काच मध्ये होती म्हणून पुढचा प्रसंग टळला.

संग्रहालय सांभाळणारी बिर्ना टेबलाशी बसून लोकर विणत होती. तिला त्याने सगळं समजावून सांगितलं. या मुलखात नगराध्यक्षापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळे एकमेकांना अरेतुरेच करतात, त्यामुळे बिर्नाने नातीच्या वयाची असूनही तोंडावर सांगितलं, "एविंदुर, चिठ्ठीला मी हात लावू शकत नाही. पेटी शाळेची आहे."

शाळेने सांगितलं की पेटी शाळेची असली तरी चिठ्ठ्या संग्रहालयाच्या ताब्यात आहेत. नगरपालिकेने सांगितलं की ताबा कुणाचाही असो, सांस्कृतिक समितीकडे रीतसर अर्ज हवा. हे ऐकून दुसरा कुणी वैतागला असता. एविंदुर शीळ घालत घरी आला. अर्ज! कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोललं होतं.

"माझ्या दोन बहिणी जुळ्या आहेत," अल्दा म्हणाली. "चाळीस वर्षांत तुला त्या कधी वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. लग्नात तू चुकीच्या बहिणीचा मुका घेतला होतास. आणि आता पाकोळ्यांचं निघालायस?"

"तुझ्या बहिणींखाली चिठ्ठ्या नव्हत्या," एविंदुर म्हणाला आणि टंकयंत्र काढायला तळघरात गेला.

बेटावर खरे निर्णय नगरपालिकेत होत नाहीत. ते पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या कुंडात होतात. रोज सकाळी आठ-दहा म्हातारे त्यात गळ्यापर्यंत बसतात, वरून बर्फाळ वारा टकलावरून जात असतो, आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नाचा निकाल लागतो. एविंदुरने तिथे विषय काढला मात्र, कुंडाची फाळणी झाली. अर्धे आकारवाले झाले, अर्धे शेपटीवाले. कारण पेटीतल्या मोठ्या पाखराची शेपटी होती सरळ, म्हणजे वादळपाकोळीसारखी. आणि लहानाची होती दुभंगलेली. आकार एक सांगत होता, शेपटी दुसरंच.

"शेपटी महत्त्वाची," एक म्हणाला. "जाडी काय, माणूस लग्नानंतर जाड होतो."

"शेपटीला कसर लागली असेल," एविंदुर म्हणाला. "झिजून सरळ झाली."

"कसर काय फूटपट्टी घेऊन खाते?"

एका शेपटीवाल्याने तर आवाजाचा पुरावा दिला. वादळपाकोळी बिळात शिवणयंत्रासारखी घुरघुरते, दर्यापाकोळी बाया फिदीफिदी हसाव्यात तशी हसते. पेंढा भरलेल्या पाखरांच्या बाबतीत या पुराव्याचा काय उपयोग, हे विचारल्यावर तो रागावून दुसऱ्या कुंडात जाऊन बसला.

या सगळ्यात एकच माणूस गप्प होता, आणि तो म्हणजे खुद्द ग्रिमुर. सत्तर वर्षांचा, खांदे अजून दरवाजाएवढे. लांब काठीच्या जाळ्याने कड्यावरून उडते पफिन पक्षी धरण्यात त्याचा हात धरणारा बेटावर कुणी नव्हता. निम्म्या गावाला ती विद्या त्यानेच शिकवलेली. कुंडातल्या पाण्याच्या जोरकस धारेपाशी त्याची जागा ठरलेली, आणि शेजारी एविंदुरची. तीस वर्षं दोघे असेच खांद्याला खांदा लावून शिजत आले होते.

"तू बोल की," लोक म्हणाले. "पाखरं तू धरलीस."

"शेपटी सरळ आहे," ग्रिमुर म्हणाला आणि डोळे मिटले.

त्या दिवशी घरी परतताना, ओले टॉवेल गळ्यात टाकून दोघे चढण चढत असता, तो अचानक म्हणाला, "एविंदुर, ती पेटी राहू दे."

"का बरं?"

"जुनी आहे. उघडली तर पिसं गळतील."

"गळू देत. नाव बरोबर पाहिजे."

ग्रिमुर थांबला. "मी सांगतोय म्हणून राहू दे."

एविंदुरला वाटलं, मित्राला आपल्या नावाची काळजी पडलीय. त्याला भरून आलं. ग्रिमुरच्या दंडावर हात ठेवून तो म्हणाला, "हे बघ, चिठ्ठ्या शाळेच्या तेव्हाच्या हेडमास्तरने लिहिल्या. चूक त्याची. तुझ्या नावाला धक्का लागणार नाही, ही जबाबदारी माझी."

ग्रिमुर पुढे चालू लागला. पुढच्या आयुष्यात एविंदुरला आपलं हे वाक्य किती वेळा आठवावं लागणार होतं, याची त्याला तेव्हा कल्पना नव्हती.

अर्ज गेला. विषय होता: 'दर्यापाकोळी हे नाव काढून त्या जागी वादळपाकोळी हे नाव लावण्याबाबत, व उलट'. तीन प्रती, सोबत आकृती. आता नगरपालिकेत नव्याने लागलेल्या कुणीतरी विषय वाचला, आकृती बघितली नाही, आणि अर्ज बंदर कचेरीकडे पाठवून दिला. कारण 'दर्यापाकोळी' नावाची एक मासेमारी बोट बंदरात नोंदलेली होती. बंदर कचेरी भलती तत्पर. चौथ्या दिवशी बोटीच्या मालकाला नोटीस गेली की आपल्या बोटीचं नाव बदलण्याचा अर्ज आला असून हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी.

मालक ओग्मुंदुर याने तीस दिवस घेतले नाहीत. तीस मिनिटांत तो समुद्री बुटांसकट एविंदुरच्या बैठकीच्या खोलीत उभा होता.

"माझ्या बोटीचं नाव बदलणारा तू कोण रे?"

"बोट नाही, पक्षी—"

"बावीस वर्षं त्या नावाने मासे देतेय ती! बोटीचं नाव बदललं की बोट जाते, शेंबड्या पोराला माहीत आहे. आणि लावतोयस काय, तर 'वादळ'! वादळ नाव लावून मी समुद्रात जाऊ? तू येशील माझ्याबरोबर?"

एविंदुरने पुस्तक उघडून त्याला पाखरांच्या ढुंगणावरचा पांढरा पट्टा दाखवायला सुरुवात केली. एखाद्या कप्तानाला शांत करण्याचा हा मार्ग नव्हे. शेवटी अल्दाने गरम कॉफी आणि पीळ घालून तळलेल्या क्लेनुरची परात पुढे ठेवली. ओग्मुंदुरने अकरा खाल्ल्या, नोटिशीच्या पाठीमागे 'हरकत आहे' असं लिहिलं, त्यावर एविंदुरचीच साक्षीदार म्हणून सही घेतली, आणि जाताना जाहीर केलं की आपण आजपासून शेपटीवाले. अडतीस वर्षांच्या नोकरीत एविंदुरने स्वतःच्याच अर्जाविरुद्धच्या हरकतीवर सही केल्याचं दुसरं उदाहरण नव्हतं.

पण बोटीच्या भानगडीने प्रकरण गावभर झालं. स्थानिक वर्तमानपत्राने छापलं. बेकरीत ग्राहकांना आधी पक्ष विचारू लागले आणि मग पाव देऊ लागले. सांस्कृतिक समितीत तीन सदस्य. एक आकारवाला, एक शेपटीवाली, आणि तिसऱ्याला दोघांशीही संबंध बिघडवायचे नव्हते. अशा वेळी समित्या जे करतात तेच त्यांनी केलं. त्यांनी राजधानीतून तज्ज्ञ बोलावला.

तज्ज्ञ म्हणजे एक हसतमुख तरुण बाई निघाली. फेरीबोटीच्या प्रवासात लाटांनी तिचं हसू पार पुसलं होतं, पण आल्याचा चहा पोटात गेल्यावर ती उभी राहिली. शनिवारी दुपारी संग्रहालयात चाळीसएक माणसं जमली. कॉफी होती, केक होता. बिर्नाने विणकाम बाजूला ठेवलं होतं. एविंदुरने कचेरीचा कोट घातला होता आणि आकडे टिपून घ्यायला वही आणली होती. ग्रिमुर मागच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसला होता. तो येणार नाही असं एविंदुरला वाटलं होतं. आला म्हणून त्याला बरं वाटलं.

पेटी उघडली तेव्हा आतून एक वास आला. एक्कावन्न वर्षांनीही पाकोळीच्या पिसांतला जुन्या तेलाचा वास गेला नव्हता. बाईने मोठं पाखरू उचललं, पंख मोजला. मग लहान उचललं, त्याचा पंख मोजला. भुवया वर गेल्या. पुन्हा दोन्ही मोजले. मग भिंग काढून मोठ्याची शेपटी कितीतरी वेळ बघितली.

"गंमत आहे," ती म्हणाली. "या दोन्ही दर्यापाकोळ्याच आहेत."

कुणाला काही कळेना.

"पंखातलं हाड बदलता येत नाही. दोघींचे पंख सारखे, वादळपाकोळीपेक्षा पुरते तीन बोटं लांब. पंखाखाली पांढरी रेघ हवी, तीही नाही. एकीत पेंढा जरा जास्त कोंबलाय म्हणून ती मोठी दिसते. आणि ही शेपटी," तिने पाखरू उजेडात धरलं, "ही कात्रीने कापलीय. छान सरळ कापलीय हं. शिवणाची कात्री असावी."

"म्हणजे आकार?" एविंदुर उभा राहून म्हणाला. "माझा आकाराचा मुद्दा?"

"तुझाही चूक. पण चांगला प्रयत्न होता."

लोक हसले. एविंदुरचे कान तापले. चूक! त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याभोवती गोल काढला होता, तोही चाळीस माणसांत. त्याने बाईला पंखांची मापं पुन्हा विचारली, वहीत लिहिली, दशांश चिन्हापर्यंत तपासली, आणखी एक शंका काढली. हे सगळं चालू असता मागच्या रांगेत ओग्मुंदुर मोठ्याने म्हणाला, "अरे, कात्री कुणाची होती?" आणि मग हशा पिकला तो वेगळाच.

एविंदुरने वळून बघितलं तेव्हा ग्रिमुरची खुर्ची रिकामी होती. कपबशी खुर्चीखाली नीट ठेवलेली, कॉफी तशीच. मित्र उठून गेला तेव्हा आपण मिलिमीटर लिहीत होतो, ही गोष्ट त्याने पुढे अल्दालाही सांगितली नाही. तिने शेजारी बसून ती पाहिलीच होती.

सोमवारी पितळी पट्टी निघाली. नवी छापील चिठ्ठी लागली: 'दर्यापाकोळी, दोन नग. एकीच्या शेपटीत फेरफार.' चिठ्ठीत एकही चूक नव्हती. एविंदुर तीन वेळा वाचून आला.

ग्रिमुर कुंडात यायचा बंद झाला. लोक आठवडाभर वाट बघत होते, म्हणजे थट्टा करायला वाट बघत होते. कुणी बोटांची कात्री करून दाखवायचं, कुणी न्हाव्याकडे जाताना म्हणायचं की जरा वादळपाकोळी करून ये. थट्टा वाईट मनाने नव्हती. म्हणूनच तिच्यावर रागावताही येत नव्हतं.

एविंदुर तीनदा त्याच्या घरी गेला, दर वेळी क्लेनुर घेऊन. दार उघडलं नाही. तिसऱ्या वेळी पिशवी दाराच्या कडीला अडकवून आला, तर ती दुसऱ्या दिवशी त्याच्याच दाराला परत अडकवलेली होती, क्लेनुर मोजून तेवढ्याच.

चौथ्या वेळी ग्रिमुर किनाऱ्यावरच्या नावघरात सापडला. स्टुलावर बसून जुनं जाळं सांधत होता. त्याने वर बघितलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही. एविंदुर उलट्या बादलीवर बसला.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"माहीत नव्हतं म्हणूनच सांगितलं होतं, राहू दे."

मग ग्रिमुर आपणहून बोलू लागला, जाळ्याकडेच बघत.

"हेडमास्तरला दोन्ही पाहिजे होत्या. मंत्री येणार होता. मोठ्या दोन मला बोटीवरच मिळाल्या, दिव्यावर आपटून मेलेल्या. लहान आणायला पलीकडच्या बेटावर गेलो. बिळात खांद्यापर्यंत हात घातला. सापडली. बाहेर काढली." त्याने जाळं सोडून आपला पंजा उघडला आणि त्याकडे बघितलं. "एवढीशी. बोटांत काळीज धडधडत होतं तिचं, सगळं अंगच काळीज असल्यासारखं. माझ्या अंगठ्यावर तेल ओकली. मी तोपर्यंत किती पफिनच्या माना मुरगळल्या असतील? बापाबरोबर दहाव्या वर्षापासून. काही वाटायचं नाही. पण ही नाही जमली, एविंदुर. दोनदा बोटं आवळली. नाही जमलं. परत आत ठेवली. खाली अंडं होतं."

"मग?"

"मग काय. आईची कात्री. एकोणीस वर्षांचा होतो. पाकोळी मारवली नाही असं माझ्या बापाला सांगू? हेडमास्तरने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. म्हटलं, मागाहून सांगू. तो मागाहून काही आला नाही. ज्वालामुखी फुटून सगळं बेट बोटींनी पळालं त्या हिवाळ्यात शाळेवर राख पडायला लागली, तेव्हा मनात म्हटलं, चला, सुटलो एकदाचा. आणि बोटीवर चढतो तर पुढे तू. स्वतःची बॅग घरी विसरलेला, आणि पेटी छातीशी धरलेली. 'ग्रिमुर, तुझ्या पाकोळ्या वाचवल्या' म्हणालास."

एविंदुरला ते आठवलं. या कामाचा त्याला आजवर अभिमान होता.

"पण मग हे सांगायला हवं!" तो बादलीवरून उठला. "लोकांना वाटतंय तुला फरक कळत नव्हता, किंवा तू लबाडी केलीस. खरं कारण कळलं तर कुणी हसणार नाही. मी सांगतो. उद्या कुंडात सांगतो. वर्तमानपत्राला पत्र—"

"एविंदुर."

तो थांबला.

"ते माझं आहे. ते तेवढं एक ठेव. आणखी दुरुस्ती नको."

त्याने सुई पुन्हा हातात घेतली. एविंदुर दाराकडे वळला. आपण क्षमा मागितली की नाही हे त्याला आठवेना. मागायचं ठरवून तो आला होता, घरून वाक्यही जुळवून आणलं होतं. पण आता ते बोललं तर तेही एक पत्रकच वाटलं असतं. "येतो," तो म्हणाला. ग्रिमुरने मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, ते कळलं नाही.

ऑगस्टचा उत्सव झाला, पांढरे तंबू लागले नि उतरले. ग्रिमुर पुन्हा तलावावर येऊ लागला, पण कुंडाकडे वळायचा नाही. पोहण्याच्या तलावात एकटाच फेऱ्या मारायचा, श्वास घ्यायला तोंड दर वेळी भिंतीच्या बाजूला वळवायचा. धारेजवळची त्याची जागा कुणी घेतली नाही. एविंदुर तिच्या शेजारी बसायचा. त्या बाजूचा खांदा गरम पाण्यातही गार पडायचा, असं त्याला वाटे. अल्दा म्हणाली वयाने होतं तसं.

सप्टेंबरात एकदा ओग्मुंदुर दोन दिवसांची चांगली खेप करून आला होता आणि मजेत होता. पाण्यात हातपाय पसरून, तिकडे पोहणाऱ्या ग्रिमुरकडे बघत तो म्हणाला, "चांगला माणूस आहे, पण काही म्हणा, जन्मभर पक्षी धरले आणि दोन पाकोळ्यांतला फरक कळला नाही गड्याला. कापली शेपटी आणि झाला मोकळा. काय रे एविंदुर, बरोबर ना?"

एविंदुरच्या तोंडाशी सगळं आलं. साल, जागा, अंडं, अंगठ्यावरचं तेल. असं धडधडीत चुकीचं वाक्य त्याने उभ्या आयुष्यात कधी पुढे जाऊ दिलं नव्हतं. तिकडे ग्रिमुर फेरीच्या टोकाला पोहोचला होता आणि काठाला धरून दम खात होता. एवढ्या अंतरावरून त्याला ऐकू आलं असेल की नाही, सांगता येत नव्हतं.

"असेल," एविंदुर म्हणाला.

"असेल म्हणजे? तू तर या विषयातला माणूस. बरोबर की चूक?"

"बरोबर," एविंदुर म्हणाला, आणि कानांवर पाणी येईपर्यंत खाली सरकला.